भिंतीवरची चित्रे आणि त्यांचे धनी

चित्र म्हटले की आपल्या सुशिक्षित घरांत प्रथम चौकट आठवते. चौकटीला काच, काचेमागे चित्र, आणि ते टांगावयास आपल्या मालकीची भिंत. अशा चित्राचा धनी कोण हा प्रश्न उद्भवत नाही. ज्याची भिंत त्याचे चित्र. परंतु जे चित्र रस्त्यावरच्या भिंतीवर काढलेले असते ते कोणाचे? ज्याने काढले त्याचे, ज्याने रंगाचे पैसे मोजले त्याचे, की दररोज बाजारास जातायेता ते पाहणाऱ्याचे? निरनिराळ्या देशांनी ह्या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे दिली आहेत, आणि कित्येक ठिकाणी ती चुन्याच्या बादलीने दिली आहेत. आज आपणांशी बोलावयाचे ते ह्याच विषयासंबंधी.

भिंतीचा हा उपयोग नवा नाही. इटलीतील पाँपेई हे नगर इ. स. ७९ साली ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. ते उकरून काढल्यावर रस्त्यांच्या दुतर्फा भिंतींवर रंगाने लिहिलेली निवडणुकीची आवाहने दोन हजारांहून अधिक संख्येने मिळाली. अमक्यास निवडून द्या, तमका योग्य माणूस आहे, असा मजकूर! आपल्याकडील ग्रामपंचायतीच्या निवडणुका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांस ह्यात काही अपूर्व वाटणार नाही. त्याही मागे जावयाचे तर भोपाळजवळील भीमबेटकाच्या शैलाश्रयांपर्यंत जाता येते. तेथील चित्रे १९५७ साली उजेडात आणणारे विष्णु श्रीधर वाकणकर हे आपले मराठी गृहस्थ. ती चित्रे काढणारांस आपण कोणासाठी काढीत आहो हे नक्की ठाऊक असले पाहिजे. एका चित्रावर दुसरे, दुसऱ्यावर तिसरे, अशी ती हजारो वर्षे त्याच खडकावर काढली गेली. जुने पुसून टाकावे असे कोणास वाटलेले दिसत नाही.

आता दूरदेशी जाण्यापूर्वी आपल्या गोंदिया जिल्ह्याकडे वळतो. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा आमचा जिल्हा धानाचा, तळ्यांचा आणि तेंदूपत्त्याचा. गोंदिया हे नाव गोंद म्हणजे डिंक ह्यावरून पडले की गोंड लोकांवरून, ह्याविषयी दोन मते सांगतात. येथे कलाभवने नाहीत, परंतु मातीची घरे पुष्कळ होती आणि अजूनही काही आहेत. पावसाळा सरला, धान पिवळे पडू लागले, की दिवाळीपूर्वी घरातील बायका भिंती लिंपावयास घेत. खाली शेणमाती, वर छुई, म्हणजे पांढरी माती, आणि जमिनीलगत गेरूचा पट्टा. कोणी दारावर मोर काढी, कोणी नुसती बोटे उमटवी, कोणी तांदळाच्या पिठाची वेल चढवी. पूर्वेस सीमेपलीकडे छत्तीसगडात गोकुळाष्टमीस भिंतीवर आठ कृष्ण काढतात. त्यांस आठे कन्हैया म्हणतात. ह्या चित्रांचे आयुष्य एक वर्षाचे. मृगाच्या सरींनी ती ओघळावयाची, आणि आश्विनात पुन्हा काढावयाची. सासूच्या हातचा मोर आणि सुनेच्या हातचा मोर सारखा नसे, पण दारावर मोर मात्र असे. टिकण्याची ही एक निराळीच रीत आहे, आणि आपण सुशिक्षित लोक ती सहसा हिशेबात घेत नाही. आपल्याला टिकणे म्हणजे अजिंठ्याप्रमाणे तेच चित्र दीड हजार वर्षे राहणे एवढेच ठाऊक असते.

ह्या भिंतीवरच्या कलेला कागद मिळाला तो अलीकडे, आणि त्यातही एका मराठी माणसाचा हात आहे. १९६६-६७ च्या सुमारास बिहारात मोठा दुष्काळ पडला. त्या वेळी मिथिलेतील स्त्रिया घराच्या भिंतींवर काढीत ती चित्रे त्यांनी कागदावर काढावी व विकावी, म्हणजे चार पैसे हाती येतील, ह्या विचाराने भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार मधुबनीच्या खेड्यांतून कागद घेऊन हिंडले. पुढे हेच गृहस्थ ठाणे जिल्ह्यातील वारल्यांच्या पाड्यांवर गेले. वारल्यांत लग्नाचा चौक काढावयाचा तो सुवासिनींनी, गेरूने सारवलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने. त्या रेषा जिव्या सोमा मशे ह्यांनी कागदावर आणि कापडावर नेल्या. ते १९३४ साली जन्मले, २०११ साली त्यांस पद्मश्री मिळाली, आणि २०१८ साली ते निवर्तले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की भिंतीवर होती तोवर ही कला बायकांची आणि निनावी होती. कागदावर आल्यावर तिला नाव मिळाले आणि वारल्यांपुरते बोलावयाचे तर ते नाव पुरुषाचे होते.

असाच इतिहास नर्मदेच्या उगमाकडील पाटणगढ गावचा. भोपाळच्या भारत भवनासाठी खेड्यापाड्यांतील कला धुंडाळीत हिंडणाऱ्या मंडळींस १९८१ साली तेथे विशीच्या आसपासचा एक परधान तरुण सापडला. परधान हे गोंडांचे भाट. बाना नावाचे वाद्य वाजवून देवांच्या व राजांच्या कथा गाणारे. जनगढसिंग श्याम हे त्या तरुणाचे नाव. भोपाळात त्याने कागदावर, मग मोठमोठ्या भिंतींवर चित्रे काढली. मध्यप्रदेशच्या विधानभवनाच्या भिंतीवर त्याचे काम आहे. १९८९ साली त्याची चित्रे पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात मांडली गेली. ठिपक्यांनी व बारीक रेघांनी भरलेले हरीण, शिंगांतून उगवलेले झाड, अशी जी चित्रे आज गोंड चित्रे म्हणून सर्वत्र ओळखली जातात, ती मुळात ह्या एका माणसाने भोपाळात बसून घडविलेली शैली आहे. जाणते लोक तिला जनगढ कलम म्हणतात. २००१ साली जपानातील एका संग्रहालयात काम करीत असता, घरापासून हजारो कोस दूर, वयाची चाळिशीही न गाठता त्याने आपल्या जीवनाचा अंत केला. तो अध्याय फार दुःखद आहे. त्यात मी शिरत नाही.

हे झाले भिंतीवरून कागदावर येणे. मेक्सिको देशात ह्याच्या नेमके उलट घडले. तेथे १९१० साली पेटलेली क्रांती दहा वर्षे चालली. ती शमल्यावर १९२१ साली होसे वास्कोन्सेलोस नावाचा विद्वान शिक्षणमंत्री झाला. देशातील बहुसंख्य प्रजा निरक्षर. तिला तिचा इतिहास पुस्तकांतून कसा सांगावयाचा? त्याने सरकारी इमारतींच्या भिंती चित्रकारांच्या स्वाधीन केल्या. दिएगो रिवेरा हा पॅरिसात नावलौकिक मिळविलेला चित्रकार. तो मायदेशी परतला आणि शिक्षणखात्याच्या इमारतीत परातीवर चढून गवंड्यांच्या बरोबरीने कामास लागला. ही गवंड्याची उपमा शोभेसाठी दिलेली नाही. ह्या पद्धतीत चुन्याचा गिलावा ओला असतानाच त्यावर पाण्यात कालवलेला रंग द्यावा लागतो. चुना सुकताना हवेतील कर्बवायू शोषून घेतो, त्याचा पुन्हा दगड बनतो, आणि रंग त्या दगडात कायमचा बंदिस्त होतो. म्हणून एका दिवसात जेवढे रंगविता येईल तेवढाच गिलावा गवंड्याने सकाळी करावयाचा. चूक झाली तर पुसता येत नाही, गिलावाच फोडावा लागतो. रिवेराने अशा रीतीने शेतमजूर, खाणीतील कामगार, बाजारातल्या बायका भिंतींवर आणल्या. ज्यांची चित्रे होती तेच लोक अर्ज घेऊन त्या कचेरीत येत आणि स्वतःला भिंतीवर पाहत.

परंतु धनीपणाचा खरा तंटा उत्तरेस, अमेरिकेत उपस्थित झाला. १९३३ साली न्यूयॉर्क शहरी रॉकफेलर कुटुंबाच्या नव्या प्रचंड इमारतीत रिवेरा भिंत रंगवीत होता. चित्रात त्याने लेनिनचा चेहरा घातला. तो बदलून दुसऱ्या कोणा सामान्य माणसाचा घाला, अशी विनंती करणारे पत्र आले. रिवेरा म्हणाला, हवे तर समतोलासाठी लिंकनचे चित्र घालतो, पण लेनिन काढीत नाही. तेव्हा ठरलेली रक्कम, २१ हजार डॉलर, त्याच्या हाती पूर्ण देऊन त्याला कामावरून दूर करण्यात आले, आणि १९३४ च्या फेब्रुवारीत ते चित्र भिंतीवरून फोडून टाकण्यात आले. कायद्याने पाहता भिंत त्यांची, मजुरी चुकती केलेली, वाद संपला. रिवेराने त्याच वर्षी मेक्सिकोत परत येऊन तेथील कलामंदिराच्या भिंतीवर ते चित्र पुन्हा काढले, लेनिनसह.

त्याचा सोबती सिकेरॉस ह्याची हकिकत मला ह्याहूनही बोधप्रद वाटते. १९३२ साली लॉस एंजेलिस शहरात, जेथे मेक्सिकन बाजार भरे त्या गल्लीतील एका माडीच्या बाहेरच्या भिंतीवर, त्याला उष्ण कटिबंधाचे चित्र काढावयास सांगण्यात आले. काम देणाऱ्यांच्या मनात केळी, पोपट आणि हसणारी माणसे असावी. सिकेरॉसने सुमारे ऐंशी फूट लांबीच्या भिंतीवर जंगल आणि पडके मंदिर काढले, आणि मधोमध क्रुसावर खिळलेला एक आदिवासी, त्याच्या डोक्यावर पंख पसरलेला गरुड. रस्त्यावरून दिसणारा भाग काही महिन्यांतच चुन्याने झाकला गेला, आणि पुढे सारे चित्रच पांढरे झाले. तीस-पस्तीस वर्षे उलटली. उन्हापावसाने चुना झडू लागला, आणि त्याखालून तो आदिवासी पुन्हा हळूहळू दिसू लागला. तोवर त्या वस्तीतील मेक्सिकन वंशाच्या लोकांची नवी पिढी उभी राहिली होती. तिने ते चित्र आपले मानले. पुष्कळ खटपटीनंतर त्याचे जतन करण्यात आले आणि २०१२ साली ते लोकांस पाहावयास खुले झाले. रंग फिका पडला आहे. तो पुन्हा भरावयाचा नाही, आहे तेवढेच जपावयाचे, असे तेथील तज्ज्ञांनी ठरविले.

आपल्या देशात लोकांच्या वाटेवर चित्रे लावण्याचा मोठा प्रयोग काँग्रेसच्या अधिवेशनांत झाला, आणि त्याचा एक मुक्काम महाराष्ट्रात होता. १९३६ च्या डिसेंबरात खानदेशातील फैजपूर येथे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिले अधिवेशन. शांतिनिकेतनचे नंदलाल बसू ह्यांस गांधीजींनी शोभेचे काम सांगितले, ते खेड्यात मिळणाऱ्या वस्तूंनीच करावयाचे अशा अटीवर. बांबू, गवत, टोपल्या ह्यांतून त्यांनी ते सजविले. पुढे १९३८ च्या फेब्रुवारीत गुजरातेत हरिपुरा येथील अधिवेशनासाठी नंदलालबाबूंनी व त्यांच्या शिष्यांनी सुमारे चारशे चित्रे तयार केली. जाड रेषा, मातीचे रंग, आणि विषय म्हणजे ढोल वाजविणारा, शिंपी, सुतार, पैलवान, धान कांडणाऱ्या स्त्रिया. ती दालनात न मांडता वेशींवर व मंडपांवर लावली होती, म्हणजे बैलगाडीतून येणाऱ्या शेतकऱ्यास न थांबताही दिसावी. नंदलालबाबूंच्या हातची त्यांतील बरीच चित्रे आता दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत. सुरक्षित आहेत हे उत्तमच. फक्त बैलगाडीवाल्याची वाट तेथून जात नाही.

अलीकडच्या काळात तर जगभर भिंती रंगू लागल्या आहेत. बर्लिनच्या भिंतीचे पश्चिमेकडचे अंग लोकांनी चित्रांनी भरले होते; पूर्वेकडच्या अंगाजवळ जाणे म्हणजे गोळीस तोंड देणे, म्हणून ते कोरे होते. १९८९ साली ती भिंत निकामी होताच पुढल्याच वर्षी एकवीस देशांच्या चित्रकारांनी ती कोरी बाजू सव्वा किलोमीटरहून अधिक रंगविली. मुंबईत २००९ साली माहीम-दादर बाजूस रेल्वेच्या कुंपणाची लांब भिंत नागरिकांनी महापालिकेच्या संमतीने रंगविली, आणि २०१४ साली वांद्र्यास दूरध्वनी कचेरीच्या उंच इमारतीवर दादासाहेब फाळके अवतरले. मुंबईच्या चित्रांविषयी मुंबईकर पुष्कळ लिहितात. मी अधिक काय सांगावे? मला विशेष वाटते ते अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराचे. तेथे १९८४ पासून भिंती रंगविण्याचे काम नगराच्या आश्रयाने चालले आहे आणि हजारो चित्रे झाली आहेत. तेथे भिंतीवर काय काढावयाचे हे त्या मोहल्ल्यातील लोकांस एकत्र बोलावून, त्यांच्याशी बोलून ठरवितात. वेळ लागतो, वादही होतात. परंतु चित्र पुरे झाले म्हणजे शेजारी त्याची राखण करतो.

आता पुन्हा घराकडे येतो. गोंदियाहून नागभीडमार्गे दक्षिणेस जाणारी गाडी बल्लारशास पोचते. पूर्वी हा मार्ग अरुंद मापाचा होता. आता मोठी गाडी जाते. बल्लारशा आणि चंद्रपूर ह्या दोन स्थानकांच्या भिंती, खांब, जिने ताडोबाच्या अरण्यातील वाघ, हरिणे, पक्षी ह्यांनी रंगविले गेले, आणि २०१८ साली रेल्वे मंत्रालयाने देशातील सुशोभित स्थानकांच्या स्पर्धेत ह्या जोडीस दहा लाख रुपयांचे पहिले पारितोषिक दिले. दुसऱ्या क्रमांकावर मदुराईच्या जोडीने मधुबनी होते, तीच भास्कर कुलकर्ण्यांची मधुबनी. तेथील स्थानकावर स्त्रियांनी व इतर कलावंतांनी श्रमदान म्हणून चित्रे काढली होती. आमच्या भागाचा मान वाढला ह्याचा मलाही आनंद झाला. परंतु २७ नोव्हेंबर २०२२ रोजी त्याच बल्लारशा स्थानकावर पादचारी पुलाचा स्लॅबचा भाग रुळांवर कोसळला, कित्येक प्रवासी जखमी झाले आणि एका स्त्रीचा मृत्यू झाला. चित्रांचा त्यात काही दोष नाही. पण वाघ रंगविणाऱ्या हाताला जेवढी घाई होती, तेवढी पुलाखाली शिडी लावून पाहणाऱ्या हाताला होती काय, हे विचारण्याचा अधिकार त्या फलाटावरून जाणाऱ्यास आहे. भिंत लोकांची आहे असे म्हटले की तिच्या आतल्या लोखंडाची चौकशीही लोकांची झाली.

दुसरी गोष्ट शाळांची. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळांतून बोलक्या भिंती म्हणून पाढे, नकाशे, फळे, प्राणी भिंतींवर काढण्याची पद्धत आहे, आणि ती चांगली आहे. पुस्तक न उघडणारे मूलही भिंत वाचते. मी जंगलपट्टीतील एका शाळेवर असता आम्ही पडवीची एक भिंत मुलांच्या आयांस दिली होती. त्यांनी छुई-गेरूने तिच्यावर बैल, मोहाचे झाड, रोवणी करणाऱ्या बायका काढल्या, आणि दिवाळीनंतर त्या पुन्हा येऊन ती भिंत नवी करून जात. एका वर्षी वरून एक योजना आली. सर्व शाळांच्या भिंतींवर एकच नमुना, एकच तैलरंग, आणि ठेकेदाराचा माणूस. मी एका अधिकाऱ्यांस विनंती केली की ही एवढी एक भिंत सोडा. नमुन्यात सूट नाही असे उत्तर मिळाले. मातीच्या ओलसर भिंतीवर तैलरंग बसत नाही. आतली वाफ बाहेर पडू पाहते आणि रंगाला फोड येतात. दुसऱ्या पावसाळ्यात त्याचे पापुद्रे हाताएवढे निघू लागले. लॉस एंजेलिसप्रमाणे खालून काही उमटले नाही, कारण रंगाऱ्याने भिंत आधी पत्र्याने खरवडली होती. आया पुन्हा आल्या नाहीत. बोलावले तेव्हा एक म्हातारी एवढेच म्हणाली, "गुरुजी, आता ते सरकारचं हाये."

वरून येणाऱ्या नमुन्यांविषयी आणखी एक तक्रार करून घेतो. राज्यात कोठेही जा, कुंपणाच्या भिंतीवर वारल्यांचा तारपा-नाच दिसेल. आमच्याकडे तारपा कोणी वाजवीत नाही. अलीकडे त्याच्या शेजारी भोपाळी ठिपक्यांचे हरीण येऊ लागले आहे, आणि गोंडांचा प्रदेश म्हणून ते शोभतेही. पण सालेकसा तालुक्यात कचारगडच्या गुहांपाशी माघी पौर्णिमेस लाखो गोंड जमतात, त्यांस विचारून त्यांतील किती हरिणे काढली गेली? जनगढचे नाव त्या भिंतींवर मला तरी कोठे आढळले नाही. ज्याने काढले त्या स्थानिक रंगाऱ्याचेही नसते. योजनेचे व उद्घाटकाचे मात्र ठळक असते.

हा रंगारी, ज्यास आम्ही पेंटर म्हणतो, आता दुर्मिळ होत चालला आहे. एकेकाळी बिडीच्या जाहिराती, टॉकीजचे फलक, दुकानांच्या पाट्या, सारे त्याच्या ब्रशातून उतरे, आणि कोपऱ्यात तो आपले नाव तिरप्या अक्षरांत घाली. पंचवीसेक वर्षांत फ्लेक्सच्या छपाईने त्याचा धंदा बुडविला. खेड्यांत त्याला उरलेले एक काम म्हणजे लग्नाचे. घराच्या दर्शनी भिंतीवर दोन बाजूंस हत्ती किंवा कलश, वर शुभविवाह, खाली वधूवरांची नावे आणि तारीख. पैसे घरचा कर्ता देतो. लग्न होते, मुलगी सासरी जाते, तिला मुले होतात, आणि नावे भिंतीवर तशीच असतात. दिवाळीस भिंत पोतारताना तेवढा चौकोन बायका सोडून देतात. माझ्या गावी एका घरावर अशी तीन बहिणींची तीन लग्ने शेजारी शेजारी आहेत, निरनिराळ्या सालांची, तिन्ही एकाच पेंटरच्या हातची. तिसऱ्या वेळेपर्यंत त्याचा हात कापू लागला होता, तेही हत्तीच्या सोंडेवरून कळते.